साडेचार वर्षे कशाला लागतात?

बारावीचे आणि 'नीट'चे निकाल लागले की आमच्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. ताप-खोकल्याच्या रोग्यांमध्ये एखादे कुटुंब प्लॅस्टिकची फाईल घेऊन बसलेले दिसते. कोणाला काही झालेले नसते. नंबर आला की वडील पुढे, आई त्यांच्या मागे आणि ज्याच्या गुणपत्रिकेसाठी हे सारे चालले आहे तो मुलगा किंवा मुलगी सर्वांच्या मागे, अशी मिरवणूक आत येते. "एमबीबीएसला काही लागत नाही. आता काय करावं?" हा ठरलेला प्रश्न. या तपासणीची फी घेता येत नाही, उलट चहा मलाच पाजावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी असेच आमच्या पेठेतले एक किराणा दुकानदार आले. ओळख जुनी. मुलीला बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, प्रवेश मिळण्यासारखा होता. मुलीच्या मनात होते, वडिलांच्या नव्हते. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा. शेक द्यायचा अन् मालिश करायची, एवढंच ना? आपल्या वेशीजवळचा हाडवैद्य तर शाळेतसुद्धा गेला नाही. त्याला साडेचार वर्षं कशाला लागतात?"

प्रश्न रास्त होता. खरे सांगायचे तर माझ्या पिढीतल्या बऱ्याच डॉक्टरांचे मतही फार वेगळे नव्हते. आम्ही शिकत होतो तेव्हा 'फिजिओ' म्हणजे ओपीडीच्या मागच्या बाजूची एक खोली. तिथे वितळलेल्या मेणाचे एक भांडे, शेकायचा दिवा आणि खांदा फिरवण्यासाठी भिंतीला ठोकलेले एक लाकडी चाक. आमच्यापैकी कोणी तिकडे फारसे फिरकत नसे. केसपेपरवर 'फिजिओथेरपी' एवढा एक शब्द लिहिला की आमचे काम संपले. आत काय चालते, हे विचारण्याची गरज वाटली नाही.

मी त्या गृहस्थांना एका मुलाची हकीकत सांगितली. नऊ-दहा वर्षांचा पोर, चिंचेवरून पडला आणि कोपर सुजले. घरच्यांनी त्याला हाडवैद्याकडे नेले. त्याने कामट्या बांधल्या आणि आठवड्याने त्या सोडून रोज तेल लावून कोपर रगडायला सुरुवात केली. मूल किंचाळायचे. दोघांनी धरायचे आणि एकाने चोळायचे, असे तीन आठवडे चालले. माझ्याकडे आणले तेव्हा कोपर काटकोनात अडकून बसले होते, सरळही होईना आणि वाकेही ना. क्ष-किरण फोटोत सांध्यासमोरच्या स्नायूत चक्क नवे हाड तयार झालेले दिसले. दुखापत झालेल्या कोपराला मालिश केली, ते जबरदस्तीने ताणले, की स्नायूत असे हाड धरू शकते, विशेषतः मुलांमध्ये. आमच्या पुस्तकांत ही गोष्ट ठळक अक्षरांत छापलेली असते. त्या पोराचा हात कोपरात कायमचा अधू राहिला.

त्या हाडवैद्याच्या हातात ताकद होती, सराव होता, बहुधा मायाही होती. कोठे हात लावायचा नाही, हे मात्र त्याला कोणी शिकवले नव्हते. या साडेचार वर्षांचा मोठा भाग तेच शिकण्यात जातो.

आणखी उदाहरणे देतो. ऑपरेशननंतर बरेच दिवस पडून असलेल्या माणसाची एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर घरचे लोक तेल घेऊन बसतात. पण आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती चोळण्याने सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जुन्या मधुमेह्याच्या पायाला संवेदना कमी असते. गरम पाण्याच्या पिशवीने त्याला बरे वाटते आणि सकाळी तळव्याला फोड आलेला असतो. असे रोगी मी दर हिवाळ्यात पाहतो. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाला विजेच्या लहरींचा खोल शेक देणे धोक्याचे आहे. कंबरदुखीबरोबर ताप आहे, वजन घटते आहे किंवा लघवीवरचा ताबा गेला आहे, तर व्यायाम थांबवून रोग्याला आधी डॉक्टरकडे पाठवायला हवे. फिजिओथेरपिस्टला विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र कशाला शिकवतात, असे मुले कुरकुरत विचारतात. त्याचे उत्तर या रोग्यांमध्ये आहे.

मालिश आणि शिक्षण यांचे हे भांडण जुने आहे. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची एक संस्था काढली. मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात, अशी ओरड तेव्हा तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. त्या बायकांनी परीक्षा घ्यायला आणि नियम घालून द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमधल्या आजच्या फिजिओथेरपी संघटनेचे मूळ तेच. आपल्याकडे निमित्त झाले पोलिओचे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय उभे राहिले. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभे करायला शिकलेली माणसे हवी होती. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. विद्यालये मात्र बंद पडली नाहीत. पोलिओच्या जागी अर्धांगवायू, रस्त्यावरचे अपघात, गुडघे आणि पाठी आल्या.

आता अभ्यासाकडे वळू. महाराष्ट्रातली बहुतेक फिजिओथेरपी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९९८ साली हे विद्यापीठ स्थापन झाले, त्यापूर्वी ती त्या त्या भागातल्या विद्यापीठांकडे असत. काही अभिमत विद्यापीठेही हा अभ्यासक्रम चालवतात. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन, म्हणजे जवळजवळ आमच्यासारखेच. पण एक फरक आहे. आम्ही पोटातले अवयव घोकत होतो तेव्हा या मुलांना स्नायू पाठ करावे लागतात. प्रत्येक स्नायू कोठून निघतो, कोठे चिकटतो, त्याला कोणती नस येते आणि तो आवळला की कोणता सांधा कोणत्या दिशेला हलतो, हे सारे. आमच्या दुकानदारांची मुलगी पहिल्या दिवाळीला घरी आली ती मांडीचे हाड पिशवीत घालून. आजीने ते हाड देवघर असलेल्या घरात येऊ दिले नाही. पोरीने दुकानामागच्या गोदामात, गुळाच्या ढेपांशेजारी बसून अभ्यास केला. आजी म्हणे नंतर कुतूहलाने बघायला गेली आणि "माझा खुबा इथंच दुखतो का?" म्हणून विचारू लागली.

मुले एकमेकांच्या अंगावर शिकतात हेही सांगायला हवे. आधी मित्राच्या खांद्यावर स्नायू चाचपायचा, मग रोग्याच्या. विजेच्या यंत्राचा झटका कसा लागतो, हेही आधी स्वतःच्या हातावर घेऊन पाहायचे. दुसऱ्या वर्षी हालचालींचे शास्त्र येते. मला विचाराल तर या शिक्षणाचा गाभा तो. आम्हा डॉक्टरांना हे फारच वरवर शिकवतात. एक नमुना देतो. उजवा गुडघा किंवा उजवा खुबा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात धरावी? आपल्या गावातल्या दहा म्हाताऱ्यांपैकी बरेचजण उजव्याच हातात धरतात, आणि मीही पुष्कळ वर्षे काही बोललो नाही. काठी डाव्या हातात हवी. आपण चालताना एका पायावर उभे राहतो, तेव्हा दुसरी बाजू खाली पडू नये म्हणून उभ्या पायाच्या खुब्याचे स्नायू जोर लावून कटिभाग सावरतात. त्या ओढीमुळे खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. समोरच्या बाजूच्या हातातली काठी तो भार उचलायला मदत करते, तेव्हा दुखऱ्या बाजूच्या स्नायूला कमी ओढावे लागते. जिना चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. एवढी साधी गोष्ट, पण ती का, हे तोंडी परीक्षेत सांगता आले नाही तर विद्यार्थी घरी.

तिसऱ्या वर्षापासून रोगी. अस्थिरोग, शल्यचिकित्सा, मेंदू व मज्जासंस्थेचे विकार, बालरोग आणि स्त्रीरोग या विषयांत फिजिओथेरपिस्टने काय पाहायचे ते शिकवतात. चौथ्या वर्षी हाडे-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-फुप्फुस आणि सामाजिक फिजिओथेरपी असे मुख्य विषय. त्यानंतर सहा महिने इंटर्नशिप. छातीचे काम हे लोकांना ठाऊकच नसते. अतिदक्षता विभागात छातीतला कफ मोकळा करणे, ऑपरेशन झालेल्याला लवकर अंथरुणाबाहेर काढणे, दमेकऱ्याला श्वासाचे व्यायाम शिकवणे, हे सारे त्यांच्याकडे. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या वॉर्डात रोग्यांना पालथे झोपवण्यात आणि नंतर पुन्हा चालते करण्यात या मुला-मुलींनी रात्रीचा दिवस केला. टाळ्या इतरांना जास्त मिळाल्या.

मोजणे ही यांची आणखी एक शिस्त. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा अंकांत लिहायची. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, एक म्हणजे नुसती फडफड, तीन म्हणजे दुसरा आधार नसताना हात किंवा पाय वजनाविरुद्ध उचलता येतो, आणि पाच म्हणजे पूर्ण ताकद. सांधा किती वाकतो ते कोनमापक लावून अंशांत लिहायचे. खुर्चीतून उठायला गुडघा साधारण ९० अंशांच्या थोडा पुढे वाकावा लागतो, उकिडवे बसायला १३० च्याही पुढे. गुडघेबदल झालेल्या शेतकऱ्याला काय जमेल आणि काय सोडावे लागेल, हे या आकड्यांवरून समजते. चांगला फिजिओथेरपिस्ट विचारतो, "काका, घरी शौचालय कसलं आहे? एसटीची पायरी चढायची आहे का?" आणि व्यायाम त्याप्रमाणे बेततो.

इथे माझी एक चूक सांगतो. मी दवाखाना थाटून थोडीच वर्षे झाली होती. गावातल्या एका शिक्षकांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. शहरातल्या रुग्णालयातून जीव वाचवून घरी आणले. मी रोज जायचो, रक्तदाब पाहायचो, गोळ्या बदलायचो आणि निघताना सांगायचो, "आराम करा." मुलगे कर्तव्यदक्ष होते. दिवसातून चार वेळा वडिलांना उठवायचे, तेही त्या लुळ्या हाताला धरून ओढत. मी ते डोळ्यांनी पाहत होतो. महिन्याभरात खांदा असा दुखू लागला की गुरुजींना झोप येईना. लुळा पडलेला खांदा स्नायूंचा आधार गेल्यामुळे ओढण्याने निखळू पाहतो, हे माझ्या ध्यानातच आले नाही. मग दुखते म्हणून कोणी हात हलवेना. तो छातीशी आखडला, बोटे मुठीत वळली. पुढे सतरा वर्षे गुरुजी जगले. त्यांनी खडू पुन्हा हातात धरला नाही.

तेव्हा तालुक्यात फिजिओथेरपिस्ट नव्हता, ही सबब मी स्वतःला पुष्कळ दिवस दिली. पुढे पुष्कळ वर्षांनी एक तरुण मुलगी पदवी घेऊन आली आणि एसटी स्टँडमागे एका गाळ्यात तिने काम सुरू केले. माझा असाच एक रोगी तिच्याकडे गेला. चार दिवसांनी ती स्वतः माझ्याकडे आली. "सर, एक सांगू का? चिठ्ठीवर आराम लिहू नका. ते लिहिलं की घरचे लोक त्यांना हलवूच देत नाहीत." मग तिने माझ्याच तपासणीच्या टेबलावर मला झोपवून दाखवले. लुळ्या हाताखाली उशी कशी द्यायची, कुशीवर कसे वळवायचे, उठवताना हात न धरता खांद्याच्या मागून आणि कमरेला आधार कसा द्यायचा. बोटे आधीच मुठीत वळत असतील तर नुसता चेंडू दाबत बसण्याऐवजी मूठ उघडण्याचा सराव हवा, हेही तिनेच सांगितले. मेंदूचा काही भाग गेला तरी उरलेला भाग तीच हालचाल शेकडो वेळा करून पुन्हा शिकू शकतो, आणि पहिले काही महिने त्यासाठी सर्वांत मोलाचे. माझा कंपाउंडर दारात उभा राहून हसत होता. पण त्या अर्ध्या तासात मी जे शिकलो ते मला एमबीबीएसमध्ये कोणी शिकवले नव्हते.

असो. पालकांना व्यवहाराचेही सांगायला हवे. पदवी हातात आली की पैशांचा पाऊस पडत नाही. रुग्णालयात सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो आणि चार-पाच वर्षांत खासगी महाविद्यालयाला भरलेली फी आठवून वडिलांचा चेहरा उतरतो. स्वतःचा दवाखाना काढला तर जम बसायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे लोक तीन दिवस शेक घेतात, दुखणे कमी झाले की यायचे थांबतात आणि घरी सांगितलेला व्यायाम करत नाहीत. काही ठिकाणी म्हणून यंत्रांवरच भर दिला जातो. रोग्याला आडवे करायचे, यंत्र लावायचे, पंधरा मिनिटांनी घंटी. रोग्यालाही काहीतरी मिळाल्यासारखे वाटते. मला हा प्रकार पसंत नाही. यंत्राने वेदना थोडी उतरते, ताकद रोग्याने स्वतः केलेल्या व्यायामानेच येते. पुढे पदव्युत्तर शिक्षण घेऊन क्रीडाक्षेत्र, बालकांचे विकार किंवा अध्यापन यांकडे जाता येते. परदेशी जाणारेही पुष्कळ, पण तिथे पुन्हा परीक्षा आणि नोंदणी यांचे सोपस्कार असतात.

नावाआधी 'डॉक्टर' लावायचे की नाही, हा वाद मुले हटकून काढतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. माझ्या व्यवसायबंधूंना या विषयावर फार जोर चढतो. माझे म्हणणे इतकेच की पाटीवर पदवी पूर्ण आणि ठळक लिहावी, म्हणजे रोग्याची फसगत होत नाही. दोन महिन्यांचा मालिशचा कोर्स करून 'फिजिओ' अशी पाटी लावणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल ही मंडळी आणि आम्ही मिळून भांडलो तर जास्त उपयोग होईल.

आता प्रवेशाचे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे. महाराष्ट्रात या पदवीचे प्रवेश 'नीट'च्या गुणांवर राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात, त्यामुळे "फिजिओलाच जायचंय, नीट कशाला द्यायची?" असे म्हणून परीक्षा चुकवू नका. शासकीय व महापालिकेच्या संस्थांतल्या जागा थोड्या आणि फी कमी. मुंबईत के.ई.एम., नायर व शीव येथे आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशी सोय आहे. खासगी महाविद्यालयांची फी ठरवून दिलेली असते, ती आधी पाहून घ्यावी आणि वसतिगृह, खाणावळीचा खर्च वेगळा धरावा. साडेचार वर्षांचा हिशेबही आता बदलतो आहे. २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये नवा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात एक वर्षाच्या इंटर्नशिपसह एकूण पाच वर्षे आहेत. आपल्या तुकडीला कोणता अभ्यासक्रम लागू होणार, हे प्रवेशाच्या वेळी विचारून घ्यावे.

आणि महाविद्यालय निवडण्याआधी एकदा तिथे जाऊन या. वेबसाईटवरची चकचकीत यंत्रे पाहू नका. सकाळी दहाच्या सुमारास जा आणि ओपीडीत रोगी किती आहेत ते पाहा. महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय स्वतःचे आहे की लांबच्या दवाखान्याशी कागदोपत्री करार आहे, ते विचारा. खाटा भरलेल्या आहेत का? अर्धांगवायूचे, लहान मुलांचे आणि अतिदक्षता विभागातले रोगी विद्यार्थ्यांना रोज हाताळायला मिळतात का? चौथ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन, काल तू किती रोगी पाहिलेस, असे विचारा. तो आकडा सांगताना अडखळला, तर दुसरे महाविद्यालय पाहा.